एक क्वार्टर, दोन डॉक्टर

डॉक्टरांच्या लग्नाच्या बाजारात शाखेला जवळजवळ जातीइतकंच महत्त्व असतं. 'एमएस सर्जन मुलासाठी एमडी भूलतज्ज्ञ अथवा स्त्रीरोगतज्ज्ञ वधू पाहिजे' अशा जाहिराती अजूनही येतात, आणि गोरी-उंच-सुस्वरूप हे सगळं शाखेनंतर येतं. हिशेब सरळ आहे. सर्जनला भूल देणारी, बाळंतपणं करणारीला बालरोगवाला. तालुक्याच्या कुठल्याही गावात एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला लागा, 'प्रसूतिगृह व बाल रुग्णालय' अशी पाटी दिसतेच. पाटीवर दोघांची नावं, खाली ओपीडी, वर राहायला घर, गच्चीत वाळत घातलेल्या हिरव्या चादरी. तिथे कोणाचं करिअर मोठं हा वाद होत नसेल असं नाही, पण गल्ला एकच असल्यामुळे तो फार ताणला जात नाही.

या हिशेबात आमचं लग्न चपखल बसणारं होतं. नवरा सर्जन, मी भूलतज्ज्ञ. सासरच्या एका काकांनी तर हॉस्पिटलसाठी प्लॉटही बघून ठेवला होता. पण आम्ही दोघंही सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवायला राहिलो. काकांच्या मते तिथेच आमचं गणित चुकलं. जी जोडी बाजारात सोन्यासारखी, तिला मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात काडीची किंमत नसते. तिथे सर्जनला भूल देणारी बायको लागत नाही, भूल देणारा विभाग लागतो. तिथे जोडपं कोणी बघत नाही. सेवाज्येष्ठतेच्या यादीत दोन वेगळे अनुक्रमांक असतात आणि आस्थापना शाखेत दोन वेगळ्या फायली.

लोकांना वाटतं आम्ही दिवसभर एकत्र असतो. असतोही कधी कधी. रात्री दोनला आतड्याला भोक पडलेला पेशंट येतो, पोट लाकडासारखं कडक, आणि दोघांची इमर्जन्सी एकाच दिवशी आलेली असते. हिरव्या पडद्याच्या अलीकडे मी, डोक्याच्या बाजूला; पलीकडे तो, पोटात हात घालून. मध्ये दीड फुटाचं अंतर. "मॅडम, टाइट आहे," पलीकडून आवाज येतो. "रिलॅक्संट आत्ताच दिलाय सर, दोन मिनिटं थांबा." स्नायू सैल पडायला वेळ लागतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक असतं, पण सर्जन या जातीला थांबणं माहीत नाही. मग प्रेशर पडायला लागतं. मी आरएल (रिंगर लॅक्टेटचं सलाइन) सुसाट सोडते, म्हणते, "सर, पॅक करून थांबा." तो थांबतो. दोन्ही हात पेशंटच्या पोटावर ठेवून मॉनिटरकडे बघत उभा राहतो. सिस्टर खाली बघून गॉज मोजत राहतात. ऑपरेशन थिएटरातले वॉर्डबॉय मामा हे सगळं तोंडावरची रेष न हलवता ऐकतात आणि सकाळी चहाच्या टपरीवर साग्रसंगीत सांगतात: "काल मॅडमनी सरांना थांबवलं." दुसऱ्या कुठल्या भूलतज्ज्ञाने दुसऱ्या कुठल्या सर्जनला थांबवलं, तर ती बातमी होत नाही.

घरी आल्यावर हे 'सर' आणि 'मॅडम' जिन्यातच गळून पडतात. क्वार्टर एकच. नवरा-बायको दोघंही सरकारी नोकरीत आणि सरकारी घरात राहत असले की घरभाडे भत्ता दोघांचाही बंद होतो. सरकारने आम्हाला तंतोतंत समान वागवलं ते एवढ्याच बाबतीत.

मी भूलशास्त्र कसं घेतलं ते सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. आमच्या वेळी पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या समोरासमोर व्हायच्या. एका सभागृहात सगळे जमायचे, रिकाम्या जागा फलकावर लागायच्या, गुणवत्ता क्रमांक पुकारला की टेबलापाशी जायचं आणि दोन मिनिटांत आयुष्याचा निर्णय सांगायचा. आमचं लग्न ठरलं होतं. माझा क्रमांक त्याच्या बराच वर होता, म्हणून मला आधी बोलावलं. दूरच्या एका शहरात एमडी मेडिसिनची जागा रिकामी होती आणि मला ती हवी होती. पण त्याचा नंबर यायला अजून तासभर होता. तोवर सर्जरीच्या जागा कुठे उरतील याचा अंदाज हातातल्या कागदावर पेन्सिलीने मांडलेला होता. ज्या कॉलेजात दोघांनाही काही ना काही मिळेल असं एकच दिसत होतं, आणि तिथे माझ्यासाठी भूलशास्त्र होतं. मी ते घेतलं. नंतर त्या शाखेवर जीव जडला, आज कोणी बदलून देतो म्हटलं तरी देणार नाही. पण तेव्हा निवड शाखेची नव्हती, गावाची होती. आणि गाव मी निवडलं, कारण माझा नंबर आधी आला होता. पुढे असण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

आजही आपल्याकडे नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेनंतरच्या फेऱ्यांत प्रत्येक जण एकटाच असतो. नवऱ्याला नागपूर, बायकोला मुंबई लागली तर तो त्यांच्या घरचा प्रश्न. अमेरिकेत हा प्रश्न निदान यंत्रणेने आपला मानला. तिथे शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालयं नेमून देणारी 'मॅच' नावाची देशव्यापी पद्धत १९५० च्या दशकापासून आहे. मुली मोठ्या संख्येने डॉक्टर व्हायला लागल्या तशी डॉक्टर-डॉक्टर जोडपी वाढली, आणि १९७० च्या दशकात ही जोडपी त्या यंत्रणेला बगल देऊन स्वतःच रुग्णालयांशी बोलणी करू लागली. शेवटी १९८४ मध्ये जोडप्यांना जोडीची यादी देण्याची सोय झाली: तू या रुग्णालयात बालरोग, मी त्याच शहरात मेडिसिन, हा आमचा पहिला पसंतीक्रम, असं खाली खाली. 'एकाला जागा, दुसऱ्याला काहीच नाही' अशी जोडीही यादीत टाकता येते. ती ओळ कोणाच्या नावाने लिहिली जात असेल, हे मला राहून राहून वाटतं.

यातली गणिताची बाजू तर आणखी मजेशीर आहे. एकेकटी माणसं असतील तर अशी वाटणी नेहमी करता येते, की ज्यात कुठलाही उमेदवार आणि कुठलंही रुग्णालय परस्पर संगनमत करून पळून जायचं म्हणणार नाहीत. हे गेल आणि शेपली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये दाखवलं. पण त्यात जोडपी घातली की अशी वाटणी अस्तित्वात असेलच याची खात्री उरत नाही, हे अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये सिद्ध केलं. पुढे त्यांनी आणि पेरॅन्सन यांनी जोडप्यांना सामावून घेणारी नवी रीत बसवली, ती १९९८ पासून वापरात आली, आणि रॉथ यांना शेपली यांच्यासोबत २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. म्हणजे नवरा-बायकोला एका गावात नोकरी देणं खरोखरच अवघड असतं, याला आता गणिताचा दाखला आहे. आमच्या मंत्रालयातल्या अव्वल कारकुनाला तो दाखला न बघताही हे ठाऊक होतं.

केंद्र सरकारने पती-पत्नीला एकाच ठिकाणी ठेवावं म्हणून १९८६ मध्ये परिपत्रक काढलं, २००९ मध्ये ते पुन्हा पक्कं केलं. आपल्याकडेही बदल्यांच्या दिवसांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' असा रकाना असतो. हे सगळं आहे, पण त्याला 'शक्यतो'ची शेपूट आहे. आणि एकत्र ठेवायचं म्हणजे कोणी कोणाकडे यायचं, हे कुठल्याच कागदावर नसतं.

मला जे म्हणायचं आहे ते इथून पुढे. बायकांची करिअर मुलांमुळे मागे पडतात, घरामुळे पडतात, हे आपण खूप ऐकलंय, आणि ते खरंही आहे. पण डॉक्टर जोडप्यांच्या बाबतीत एक तिसरा पक्ष असतो ज्याचं नाव कोणी घेत नाही: खुद्द रुग्णालय. जोडपं एका जागी बांधलेलं असतं हे रुग्णालयाला पक्कं ठाऊक असतं, आणि बांधलेल्या माणसाला जास्त काही द्यावं लागत नाही.

नवऱ्याची निवड लोकसेवा आयोगातून झाली, तो कायम झाला. माझ्या विषयाची जाहिरात वर्षानुवर्षं निघाली नाही, म्हणून मी १२० दिवसांच्या नेमणुकीवर. एकशे वीस दिवस भरले की एखादा दिवस तांत्रिक खंड, मग नवा आदेश, पुन्हा रुजू अहवाल, पुन्हा १२० दिवस. काम तेच. तोच आयसीयू, तीच मुलं शिकायला, परीक्षेला तोच बाहेरचा परीक्षक. पण रजा साठत नाही, वेतनवाढ नाही, ज्येष्ठता धरायची की नाही याचा निकाल पुढे कधीतरी लागायचा. आता गंमत बघा. भूलतज्ज्ञांचा सगळीकडे दुष्काळ आहे. बाहेर दोन-चार नर्सिंग होममध्ये फिरून भूल दिली तरी सरकारी पगाराच्या कितीतरी पट सुटतात, म्हणून सरकारी कॉलेजात या विभागाच्या जागा सतत रिकाम्या असतात. बाजारात एवढी मागणी असलेल्या माणसाने १२० दिवसांच्या चिठ्ठीवर का राहावं? एकदा आदेश लांबला तेव्हा मी आस्थापना शाखेत जाऊन जरा आवाज चढवला. टेबलामागचे भाऊसाहेब अतिशय सौजन्याने म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुठं जाणार? सर इथंच आहेत."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी फक्त सगळ्यांच्या मनातला हिशेब उघड बोलून दाखवला. माझ्याबरोबरच्या दोघी-तिघी याच चिठ्ठ्यांना कंटाळून सोडून गेल्या, आणि त्या गेल्यामुळे त्यांच्या वाटच्या इमर्जन्सी माझ्याकडे आल्या. रुग्णालयाला मी परवडले ती मी चांगली डॉक्टर होते म्हणून नव्हे, मी विवाहित होते म्हणून.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी सगळेच जण कोरी सायकल पाठ करतात. स्नायूंत तयार झालेलं लॅक्टेट रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं आणि ते परत स्नायूंकडे येतं. मी रेसिडेंटना, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरांना, आरएलच्या बाटलीतल्या लॅक्टेटचं शरीरात काय होतं ते विचारते, तेव्हा कोरी सायकलपाशी गाडी येतेच. मग मी विचारते, कोरी कोण? आजवर बहुतेकांनी एका गृहस्थांची कल्पना केलेली असते. ते जोडपं होतं, कार्ल आणि गर्टी. दोघांचा जन्म प्रागचा, १८९६ चा. दोघं तिथल्या जर्मन विद्यापीठातून १९२० मध्ये डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी लग्न केलं. गर्टी व्हिएन्नाला मुलांच्या रुग्णालयात लागली. पहिल्या महायुद्धानंतरचे उपासमारीचे दिवस; रुग्णालयातल्या निकृष्ट जेवणाने तिला अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा डोळ्यांचा विकार झाला. मुलांची डॉक्टर, आणि आजार कुपोषणाचा.

कार्लला १९२२ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या कर्करोग संस्थेत जागा मिळाली. गर्टी काही महिन्यांनी मागून गेली, सहायक पॅथॉलॉजिस्ट म्हणून. तिथल्या संचालकाने तिला बजावलं, नवऱ्याबरोबरचं संशोधन थांबव, नाहीतर नोकरी जाईल. ती थोडे दिवस मायक्रोस्कोपला चिकटून बसली आणि मग दोघांनी पुन्हा एकत्र काम सुरू केलं. कोरी सायकल १९२९ ची, बफेलोची. त्यानंतर एका विद्यापीठाने कार्लला चांगली जागा देऊ केली, अट एकच: बायकोबरोबर काम करायचं नाही. गर्टीला तर बाजूला घेऊन सांगण्यात आलं, की तू नवऱ्याच्या करिअरच्या आड येते आहेस, बायकोबरोबर काम करणं अमेरिकन रीतीला धरून नाही. कार्लने ती जागा नाकारली.

१९३१ मध्ये दोघं सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलला आले. कार्ल औषधशास्त्राचा विभागप्रमुख. गर्टी संशोधन सहायक. पगार कार्लच्या एक दशांश होता असं तिच्या चरित्रांत लिहिलेलं आढळतं. एका घरातल्या दोघांना प्राध्यापकपदं द्यायची नाहीत असे नियम तेव्हा अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत होते. मूळ हेतू वशिलेबाजी रोखण्याचा. प्रत्यक्षात अडली ती बायकोच, कारण नियम लागू होईपर्यंत नवरा आत बसलेला असायचा. हे नियम काढून टाका असं तिथल्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने अधिकृतपणे म्हणायला १९७१ उजाडलं. गर्टी पूर्ण प्राध्यापक झाली १९४७ मध्ये. त्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. अर्धं बक्षीस या दोघांत, उरलेलं अर्धं अर्जेंटिनाच्या होसाय यांना. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता आमच्या भाऊसाहेबांच्या पद्धतीने हिशेब मांडून बघा. एक पूर्णांक एक दशांश पगारात विद्यापीठाने दोन नोबेलविजेते बाळगले, तेही कित्येक वर्षं. त्यांच्या प्रयोगशाळेत घडलेल्यांपैकी आणखी सहा जणांना पुढे नोबेल मिळालं. इतका किफायतशीर सौदा वैद्यकाच्या इतिहासात दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही. तिला दुसरीकडे जाता आलं नसतं, कारण कार्ल तिथे होता. आणि कार्ल दुसरीकडे गेला नाही, कारण बाकीचे तिला आत घेत नव्हते. सेंट लुईसने तिला निदान दारात उभं केलं, एवढंच त्यांचं औदार्य.

कार्लचं मला कौतुक आहे. स्टॉकहोमला तो म्हणाला, की आमचं काम परस्परपूरक आहे, एकट्याने कोणीच एवढा पल्ला गाठला नसता. पण नुसतं भाषणात श्रेय देणं सोपं. त्याने जागा नाकारल्या, ते अवघड. गर्टीची गोष्ट मात्र नोबेलपाशी संपत नाही. त्याच वर्षी तिला अस्थिमज्जेचा असाध्य आजार असल्याचं कळलं. पुढची दहा वर्षं, अंगात रक्त नसताना, रक्त चढवून घेत ती काम करत राहिली. आणि त्या काळातलं काम तिच्या मूळच्या विषयाशी, मुलांच्या आजारांशी, जोडलेलं होतं. जन्मजात आजाराच्या मुळाशी एखाद्या विकराचा (एन्झाइमचा) अभाव असू शकतो हे १९५२ मध्ये यकृतात ग्लायकोजेन साठणाऱ्या मुलांवरून पहिल्यांदा दाखवलं गेलं ते याच दोघांकडून. ती १९५७ मध्ये गेली.

मराठी माणसाला डॉक्टर जोडपी नवी नाहीत. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' उभी केली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये आणि आमट्यांना २००८ मध्ये मॅगसेसे मिळालं, ते दोघांना मिळून. बंग दांपत्याला २०१८ ची पद्मश्रीही तशीच. राणीताईंनी गावातल्या बायकांच्या आजारांवर १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्यांची कोणी 'अभय बंगांच्या पत्नी' म्हणून तपासणी केली नाही. मी विद्यार्थ्यांना या सगळ्यांबद्दल सांगते, आणि सांगताना दर वेळी एक गोष्ट टोचते. आपल्याला दोघांची नावं सारख्या आवाजात घेता येतात अशी सगळी जोडपी मोठी रुग्णालयं सोडून गेलेली. तिथे पदच नव्हतं, त्यामुळे एकाला मिळालं नि दुसऱ्याला नाही असं झालं नाही. संस्था त्यांनी स्वतः बांधली. त्यांचा त्याग मोठाच आहे. पण जे मागे राहिले, रोज ओपीडीत दोनशे पेशंट बघत आणि वर्गात शिकवत, त्या जोडप्यांची गोष्ट मराठीत कोणी सांगत नाही. त्यात जंगल नाही, म्हणून असेल.

मुलांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत डॉक्टर-डॉक्टर जोडप्यांच्या कामाच्या तासांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला होता. मुलं झाली की बायकांचे तास आठवड्याला सुमारे ११ ने कमी होतात. नवऱ्यांच्या तासांत म्हणावा असा फरक पडत नाही. आमच्याकडे तास कमी करायची सोयच नाही, त्यामुळे आमच्याकडे सासूबाई होत्या. रेसिडेंटनी आठवड्याला ४८ तास काम करावं आणि सलग १२ तासांहून जास्त नको, असं केंद्राच्या १९९२ च्या योजनेत लिहिलेलं आहे. हे वाक्य मी एकदा रेसिडेंटच्या वर्गात वाचून दाखवलं. सभ्य मुलं, म्हणून हळू हसली.

एरवी डॉक्टर जोडप्याची विभागाकडे एकच विनवणी असते: आमच्या सुट्ट्या एका दिवशी येऊ द्या. २०२० मध्ये ती उलटी झाली. आम्ही दोघांनी आपापल्या प्रमुखांना लिहून दिलं, की आमची कोविड ड्यूटी एकाच आठवड्यात लावू नका. दोघं एकदम आडवे झालो तर मुलीकडे बघायला कोण, हे सांगायची गरज नव्हती. प्रत्येकाच्या घरी तेच चाललं होतं. श्वासमार्गात नळी घालताना पेशंटचा श्वास सगळ्यात आधी भूलतज्ज्ञाच्या तोंडावर येतो. म्हणून त्या काळात पहिल्यांदाच घरातल्या निर्णयांत माझ्या ड्यूटीचं वजन त्याच्यापेक्षा जास्त होतं. मी घरी आले की तो दुसऱ्या खोलीत जायचा आणि डबा दाराबाहेर ठेवायचा. भात कच्चा असायचा.

कॉलेजात जोडपं असण्याचा एक फुकटचा त्रास म्हणजे निनावी होता येत नाही. त्याच्या युनिटचा रेसिडेंट माझ्यापुढे मोकळं बोलत नाही, घरी जाऊन सांगेन म्हणून. माझ्या विभागाने सर्जरीच्या लिस्टवर हरकत घेतली की सर्जरीवाले त्याच्याकडे बघतात. महाविद्यालयीन परिषदेत मी काही बोलले की नंतर त्याला विचारतात, "मॅडम रागावल्यात का?" मला कोणी विचारत नाही. उलट तो बोलला तर ते सर्जरी विभागाचं मत असतं. दोघांचा मिळून एखादा प्रबंध छापला गेला, तर काम कोणाचं असेल याबद्दल कॉलेजाच्या मनात शंका नसते. आम्ही म्हणूनच एकत्र लिहिणं बंद केलं. कोरींनी ते केलं नाही, पण त्यांच्याकडे नोबेल समिती होती, आमच्याकडे पदोन्नती समिती आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे रेसिडेंटची अशीच एक जोडी होती, तो अस्थिरोग, ती माझ्याकडे. पुढच्या परीक्षेचे अर्ज भरताना दोघं विचारायला आली. मी तिला वेगळं बसवून एवढंच सांगितलं, की तुझ्या अनुभवाचे दाखले दर वर्षी वेळच्या वेळी घेत जा, शोधनिबंध स्वतःच्या नावावर आधी कर, आणि हंगामी नेमणुकीचा प्रत्येक आदेश, रुजू अहवाल, खंडाचं पत्र फाइलला लावून ठेव. तिला बहुधा काहीतरी उदात्त ऐकायचं होतं. पण माझी १२० दिवसांच्या नेमणुकांची वर्षं पुढे सेवेत धरली गेली, ती त्या फाइलीमुळे.

यंदा मला प्राध्यापकपदाची पदोन्नती मिळाली. पद दुसऱ्या कॉलेजात, दीडशे किलोमीटरवर. नाकारली तर नाव मागे पडतं आणि पुन्हा कधी पुढे येईल याचा भरवसा नाही. नवरा सहयोगी प्राध्यापक आहे. इथे त्याचे प्रमुख दोन वर्षांनी निवृत्त होतील, मग युनिट त्याचं. तिथे त्याच्या दर्जाची एक जागा रिकामी आहे, पण प्रमुख त्याच्यापेक्षा तरुण आहेत. म्हणजे तिथे गेला तर युनिट कधी मिळेल हे विचारूच नये.

आठवडाभर आम्ही यावर फारसं बोललो नाही. मग एका रात्री त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. विनंती बदलीचा अर्ज भरलेला होता. कारणाच्या रकान्यात 'पती-पत्नी एकत्रीकरण'. मी म्हटलं, "अरे, विचार केलायस का?" तो म्हणाला, "एकशे वीस दिवस तर नाहीयेत ना? कायम आहे मी." आणि स्पेलिंग तपास म्हणाला.

अर्ज आस्थापना शाखेत गेला आणि दुपारपर्यंत कॉलेजभर झाला. मी पूर्वी त्याच्यासाठी इथे आले तेव्हा लोकांनी पेढे मागितले होते. आता त्याला एक एक जण गाठून हळू आवाजात विचारतोय, "सर, काही चौकशी वगैरे लागलीय का?" अस्थिरोगच्या सरांनी तब्येतीची चौकशी केली. सासरच्या काकांचा फोन आला, प्लॉट अजून पडून आहे म्हणाले. आणि भाऊसाहेबांनी अर्जाच्या पावतीवर शिक्का मारताना चष्मा वर करून त्याला नीट न्याहाळलं. "सर, मंजूर व्हायला वेळ लागेल," ते म्हणाले. "नवऱ्याकडून असा अर्ज कधी आला नव्हता, मागची टिप्पणी काय जोडायची ते बघावं लागेल."